डावा काय करतोय

सुक्रे, ९ ऑक्टोबर

आदरणीय दॉन तेओदोसियो,

फोन केला की तुम्ही "कोण? मोठ्याने बोल" एवढं म्हणता आणि उत्तराची वाट न बघता ठेवून देता. कानात यंत्र घालायचं नाही हा हट्ट तुमचा, आणि पत्र लिहायचा खटाटोप माझा. तारिहाच्या बसने एक खोकं पाठवलंय. त्यातला चॉकलेटचा डबा डोन्या एल्सिरांसाठी आहे. तुम्ही त्याला हात लावायचा नाही. तुमच्या पित्तखड्यांचं त्यांनी मला सगळं सांगितलंय. तुमच्यासाठी पेन ड्राइव्ह आहे.

काम असं आहे. आमच्या विभागात शेवटच्या वर्षाला तीन निवासी डॉक्टर आहेत. रेनान साम्ब्राना, बेर्नाबे कोपा आणि माझी हिमेना. मार्चमध्ये त्यांचं शिक्षण संपतं. विभागप्रमुख म्हणून मला प्रत्येकाच्या कागदावर लिहून द्यायचंय, "एकट्याने शस्त्रक्रिया करण्यास योग्य." ज्याला सही मिळेल आणि ज्याचे गुण सगळ्यांत जास्त असतील, तो कामार्गोला जाणार. तिथे दुसरा सर्जन नाही, आणि रस्ता तुम्हाला माहीत आहे. हिमेनाने तिथे खोलीसुद्धा बघून ठेवलीय.

आजवर आपण काय करत आलो? पोरगा वेळेवर येतो, नर्सशी नीट बोलतो, लेखी परीक्षेत पहिला आहे, मारा सही. हात कसा चालतो हे कुणी बसून बघितलंच नाही. आता नियम झालाय की थिएटरमधलं काम बघूनच ठरवायचं. तिघांनी दुर्बिणीतून एकेक पित्ताशय काढलंय, खऱ्या रुग्णाचं, आणि पोटातल्या कॅमेऱ्याने जे दिसलं तेवढंच चित्रीकरण आहे. चेहरा नाही, आवाज नाही, नाव नाही. भूलतज्ज्ञ बालदिविएसोने नंबर टाकलेत आणि नावांचा कागद त्याच्याच तिजोरीत आहे. मला कुठला कुणाचा ते माहीत नाही, आणि मी एकही बघितलेला नाही.

तुम्ही म्हणाल, मी हिमेनाचा पाद्रिनो, तिचा धर्मपिता, बाप्तिस्म्याला तिला मीच हातावर घेतली होती, मी कसा परीक्षक? अहो, दुसरा कोण शोधू? एक सर्जन रेनानच्या बापाचा कोंपाद्रे, मानलेला भाऊ, दुसरा कोपाच्या मामेभावाचा पाद्रिनो. या देशात कुणाच्याच नात्यात नसलेला सर्जन अजून जन्माला यायचाय. शेवटी मी तिघांना म्हटलं, तुम्हीच ठरवा. कोपा म्हणाला, "दॉन तेओदोसियोंनी सख्ख्या भाच्याला दोनदा नापास केलंय. त्यांच्याकडेच पाठवा." बाकी दोघांनी मान डोलावली.

तुमची विद्यार्थिनी,
नेलिदा ओरियास


तारिहा, १८ ऑक्टोबर

नेलिदा,

डबा एल्सिराने कपाटात कुलूप लावून ठेवला. मला एक दिलं, तेही रविवारी चर्चमधून आल्यावर.

पेन ड्राइव्ह टीव्हीला जोडून द्यायला भाचाच आला, तोच नापास झालेला. तो आता बँकेत आहे आणि अंगाने सुटलाय. "मामा, त्या वेळी पास केलं असतंत तर किती माणसं मेली असती," असं हसत म्हणाला. म्हणजे मी दोघांचंही भलं केलं, त्याचं आणि त्या माणसांचं.

तिन्ही एकदा बघून झाले. तू पाठवलेला तक्ता मात्र मला पटला नाही. पेशी हळुवार हाताळल्या का, हालचाली वाया गेल्या का, वेळ किती लागला, ऑपरेशन पूर्ण केलं का, सगळ्याला पाचपैकी गुण. छान. पण डाव्या हाताचा रकाना कुठाय? तुम्हाला मी काय सांगत असे? उजवा हात सगळेच बघतात, पोरांनो, डावा काय करतोय ते बघा. उजवा कापतो. काय कापायचं ते डावा दाखवतो.

माझ्या वेळी आमची परीक्षा फार सोपी होती. सकाळी दहाला थिएटरबाहेर मांसाच्या करंज्यांसारख्या गरम साल्तेन्या यायच्या आणि प्रमुख आमच्याकडे बघत उभे राहायचे. उभ्याने खायची, आतला रस्सा थेंबभरही सांडायचा नाही. सांडला त्याने सगळ्यांचे पैसे भरायचे. मी सहा वर्षांत एकदाच भरले, तेही एल्सिरा समोरून चालली होती म्हणून. तिने हे वाचलं आणि म्हणते, खोटं आहे, चार वेळा भरलेत.

मला आठवडाभर दे. समासात लिहिलं तर चालेल का ते कळव.

तेओदोसियो वाकाफ्लोर


सुक्रे, २५ ऑक्टोबर

आदरणीय दॉन तेओदोसियो,

समासात लिहा, पाठीमागे लिहा, पण लिहा. डाव्याचा रकाना मी हाताने आखते.

घरात शांतता आहे. हिमेना खुर्चीच्या पायाला दोरे बांधून गाठी मारत बसते आणि मी खोलीत आले की दोरा खिशात टाकते. थिएटरमध्ये सगळे तिला "आईची झेरॉक्स" म्हणतात, त्याचा तिला भयंकर राग आहे. मला वाटतं, असू दे की राग. मला स्वतःला कुणी "तेओदोसियोची झेरॉक्स" म्हटलं असतं तर मी ते वाक्य पाटीवर कोरून दारावर लावलं असतं.

पण तिला ही सही कशी हवीय ते मी रोज बघते. माझ्या मुलीला सही मिळाली असं कुणी म्हणू नये, तिच्या हाताला मिळाली असं म्हणावं, एवढंच तिचं म्हणणं आहे. माझंही तेच आहे. लवकर पाठवा.

नेलिदा


तारिहा, ४ नोव्हेंबर

नेलिदा,

तक्ते भरून पाठवतोय. पण आधी एक कबुली, नाहीतर घास उतरायचा नाही.

नंबर दोन मी ओळखला.

माझी लकब तुला आठवते. प्यायच्या आधी आपण पहिला घोट पाचामामाला, जमिनीला देतो. कापायच्या आधीही काहीतरी द्यायला हवं म्हणून मी तुम्हाला शिकवलं होतं, कात्री बंद करायची, पित्ताच्या नळीवर आडवी ठेवायची आणि एक श्वास थांबायचं. घोट जमिनीला, श्वास नळीला. ती नको म्हणाली तर कापायचं नाही. तुमच्या सगळ्या बॅचमध्ये हे अंगात मुरलं ते एकट्या तुझ्या. बाकीचे माझ्यासमोर थांबायचे आणि माझी पाठ वळली की कापायचे.

तर नंबर दोन. पित्ताशय सुजलेलं, आतडं येऊन चिकटलेलं. डाव्याने अलगद ताणून धरलंय, उजवा सोलत चाललाय, घाई नाही. आणि क्लिपा लावायच्या आधी कात्री बंद झाली, नळीवर आडवी टेकली आणि थांबली. मी खुर्चीवरून उठलो, पोरी. एल्सिराला हाक मारली, म्हटलं, बघ, हिमेना बघ. ती पीठ भरल्या हातांनी आली आणि म्हणाली, "मला नुसतं लाल दिसतंय, पण तुम्ही रडताय म्हणजे तिचंच असेल." माझा हात तुझ्यात गेला आणि तुझा तिच्यात. माझ्या आयुष्यात एवढा अभिमान मला कशाचाच वाटला नाही, आणि तो मी लपवणार नाही.

तेव्हा मी परीक्षक म्हणून बाद आहे. गुण भरलेत, त्यातला एक माझ्या अभिमानापायी कापलाय. ठेवायचे की फेकायचे ते तू ठरव.

नंबर एक. हात साधा, प्रामाणिक, थोडा जड. क्लिप घसरली तर घाबरला नाही, दुसरी लावली. सही कर.

नंबर तीन. सही करू नकोस. उजवा हात इतका देखणा आहे की पहिल्यांदा मीही फसलो. वेळ सगळ्यांत कमी, रक्ताचा थेंब नाही. पण डावा चिमटा बघ. उजव्याने मागायच्या आतच तो तिथे हजर. एका डोक्याचे दोन हात असे चालत नाहीत. एकाला दुसऱ्याची वाट बघावी लागते, चुकावं लागतं. हे दोन हात दोन माणसांचे आहेत. डावा कुणीतरी मुरलेला मदतनीस धरून बसलाय आणि या पोराला ताटात वाढून देतोय. पोरगा नुसता घास घेतोय. कामार्गोत पहिलं अवघड पित्ताशय आलं की हा आपला डावा हात शोधत बसेल, आणि टेबलावर बाई असेल. सहा महिने थांबव. हात चांगला आहे, म्हणूनच थांबव.

तेओदोसियो


सुक्रे, १० नोव्हेंबर

आदरणीय दॉन तेओदोसियो,

तुम्ही बाद नाही. समितीला विचारलं. ती म्हणते, नाव कुणीच सांगितलेलं नाही, अंदाजाला कायदा लागत नाही. तुम्ही कापलेला एक गुण तसाच ठेवलाय. नंबर दोन तरीही सगळ्यांत वर आहे.

बाकी मी काही लिहिणार नाही. म्हणजे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पत्र मी दवाखान्यात वाचलं आणि मग जिन्यात जाऊन पुन्हा वाचलं, तिथे कुणी नसतं म्हणून. घरी हिमेनाला काही बोलले नाही, फक्त जेवताना तिच्या हातांकडे बघत राहिले. ती म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, भात घे."

नंबर तीनचं वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंय ते खरंच असणार, पण त्याच्या आईला हे कोण सांगणार ते आधी ठरवायला हवं. रेनानची आई असेल तर माझ्या दारात येऊन बसेल.

शुक्रवारी सगळ्यांसमोर नावं उघडणार. मी विभागासाठी साल्तेन्या मागवल्यात. डोन्या एल्सिरांना सांगा, त्यांचं अनुमान बरोबर असावं.

नेलिदा


सुक्रे, १४ नोव्हेंबर

दॉन तेओदोसियो,

बालदिविएसोने कागद वाचला. एक, रेनान साम्ब्राना. दोन, बेर्नाबे कोपा. तीन, हिमेना.

नंबर तीनच्या आईला सांगण्याचं काम कुणाला करावं लागलं नाही. ती तिथेच उभी होती, हातात तुमचा तक्ता घेऊन. समासातलं मीच मोठ्याने वाचून दाखवलं, कारण वाचणं माझं काम होतं. "पोरगा नुसता घास घेतोय" इथे मी कागद खाली घेतला, तर हिमेना म्हणाली, "पुढे वाच, डॉक्टर." "आई" म्हणाली नाही.

कुणीही साल्तेन्याला हात लावेना. मग तीच पुढे झाली. कोपाला मिठी मारली, एक साल्तेन्या उचलली, सगळ्यांच्या देखत उभ्याने खाल्ली आणि एक थेंब सांडला नाही. नंतर ड्यूटीवर गेली. माझ्याशी ती बोलत नाहीये.

मला तुमचा राग आलाय. तो रास्त आहे की नाही ते मला ठाऊक नाही, पण आलाय. तुम्ही मला सांगितलंत, हिमेना बघ. मी चार दिवस तो आनंद उराशी धरून फिरले आणि तो दुसऱ्याच्या मुलाचा होता.

नेलिदा


तारिहा, २२ नोव्हेंबर

नेलिदा, पोरी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी वेलींना काठ्या बांधत होतो. ते काम तसंच टाकलं आणि अजून केलेलं नाही. एल्सिरा माझ्याशी फक्त "जेवा" आणि "सरका" एवढंच बोलते. तिची धर्मकन्या नापास करून मी घरात मानाने बसू शकत नाही, असं तिचं मत आहे.

मूर्ख म्हातारा आहे मी. हात रक्तातून जातो असं मला वाटलं. मी तुझा बाप नव्हतो तरी माझा हात तुझ्यात गेला, एवढं साधं मला सुचू नये? तू कोपाला शिकवलंस, त्याने घेतलं. हिमेनाने घेतलं नाही. आईची झेरॉक्स म्हणवून घ्यायचं नाही म्हणून मुद्दाम घेतलं नसेल, आणि त्यात तिची चूक काय? तुला खोटा आनंद मीच दिला. त्याची माफी मागतो.

पण तक्त्याची माफी मागणार नाही. तू सांगितलंस तर पुन्हा बघेन, चष्मा पुसून बघेन. आणि पुन्हा तेच लिहीन. ते तुलाही माहीत आहे.

मला एकच सांग. डावा चिमटा कुणी धरला होता?

तेओदोसियो


सुक्रे, ९ मार्च

आदरणीय दॉन तेओदोसियो,

कार्निव्हल येऊन गेला, तुमची द्राक्षं उतरली असतील, आणि मी आत्ता उत्तर लिहितेय. आधी हात वळला नाही, नंतर लाज वाटली.

डावा चिमटा फेरुफिनोने धरला होता. माझा सगळ्यांत जुना सहकारी, रागवायची सोय नाही असा माणूस. मी विचारलं तर तो म्हणाला, "डॉक्टर, तुमची मुलगी. तिच्या हातून काही झालं असतं तर मी तुम्हाला तोंड कसं दाखवलं असतं?" मग एकेकाला विचारलं. सगळ्यांनी हेच केलेलं. पहिल्या वर्षापासून जो तो तिला तळहाताच्या फोडासारखं जपत आला. तिने मागायच्या आत टाका, मागायच्या आत चिमटा. रेनानवर ओरडले, कोपाला एकट्याला सोडून चहाला गेले, म्हणून ते दोघं शिकले. माझ्या पोरीवर कुणी ओरडलंच नाही, आणि मी मात्र घरी येऊन म्हणायचे, काय चलाख आहे हो.

तुम्हाला पुन्हा बघायला सांगू का, असं मी हिमेनाला विचारलं होतं. ती म्हणाली, "पाद्रिनोंना हात लावलास तर बघ." तिने आणि कोपाने मिळून तिन्ही चित्रीकरणं बघितली. स्वतःचं बघून झाल्यावर ती माझ्या खोलीत आली आणि कितीतरी दिवसांनी मला आई म्हणाली. "आई, तो डावा हात माझा नाहीच. मला तेव्हा कळलंसुद्धा नाही." बस, एवढंच. मग तिनेच सहा महिने मागून घेतले आणि नियम घातला. मदतनीसाने पित्ताशयाचं वरचं टोक धरायचं आणि कॅमेरा, दुसरं काही नाही. डाव्या चिमट्याला कुणी बोट लावलं की ती काम थांबवणार. फेरुफिनोला तिने पहिल्याच दिवशी थांबवलं. "सवय हो," म्हणाला बिचारा.

हाल आहेत. जिथे तिला पाऊण तास लागायचा तिथे दोन लागतात. नर्सा कुरकुरतात. एकदा पित्ताशय फाटलं, खडे पोटभर सांडले, आणि तिने एकेक वेचून काढला. बाजूला सीनियर असतो, पण हात बांधून. मी दाराच्या काचेपाशी उभी राहते आणि आत जात नाही. ते मला जमतंय याचाही थोडा अभिमान वाटून घेते.

कोपा कामार्गोला गेला. निघताना त्याने माझ्याकडे तुमचा पत्ता मागितला.

नेलिदा


तारिहा, २३ ऑगस्ट

नेलिदा,

दुसरं खोकं मिळालं. चार चित्रीकरणं, तीन नव्या बॅचची आणि एक हिमेनाचं, नंबर बालदिविएसोचेच. या वेळी चॉकलेट नाही हे एल्सिराच्या लक्षात आलंय.

बाहेर सान रोकेच्या उत्सवाची तयारी चाललीय, नाचणाऱ्यांचे ढोल दिवसभर वाजतात असं सगळे म्हणतात. मला ऐकू येत नाही, म्हणून काम छान झालं. हिमेना कुठली ते शोधायचं नाही असं ठरवून बसलो, आणि अर्थातच तेच शोधत बसलो. नंबर दोनमध्ये ती लकब आहे, कात्री आडवी आणि एक श्वास. पण एकदा पोळलोय. आता तुझ्याकडे शिकलेला कुणीही असू शकतो, आणि हे लिहिताना मला केवढं बरं वाटतंय. एक, दोन, तीन, तिन्हींचे गुण तक्त्यात आहेत. अजून कच्चे आहेत, पण वाट बरोबर आहे.

आता नंबर चार.

हा हात मला ओळखता आला नाही. फार अवघड पित्ताशय आहे. आपल्याकडचीच कुणी बाई असणार, आधी पेरणी, मग कापणी, मग लेकीचं लग्न, असं करत वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढलेली. आत सगळं दगड झालेलं. डावा हात ओढतो, चुकीच्या बाजूने ओढतो, सोडतो, पुन्हा दुसरीकडून धरतो, आणि उजवा तोवर गप्प थांबतो. म्हणजे एकाच डोक्याचे दोन हात. संथ आहे. इतका संथ की एल्सिरा मध्ये जाऊन रोस्केते बिस्किटांची एक खेप भाजून आली.

मग पित्ताशयाच्या मानेपाशी पोचल्यावर तो थांबला. माझ्यासारखा नाही. कात्री वगैरे काही नाही. कॅमेरा मागे मागे गेला, इतका मागे की यकृत, आतडं, सगळं एका नजरेत दिसायला लागलं, आणि तिथेच राहिला. मला वाटलं, कॅमेरा धरणाऱ्याला डुलकी लागली. मग कळलं, मुद्दाम सांगून मागे नेलाय. रस्ता सापडेना म्हणून टेकडीवर चढून गाव बघावं तसं. आणि बघून झाल्यावर या माणसाने ठरवलं की नळी सापडत नाही, तर नळीच्या वाटेला जायचंच नाही. पित्ताशयाचा वरचा भाग उघडून कापला, खडे काढले, उरलेलं आतून शिवून टाकलं, निचऱ्यासाठी रबरी नळी ठेवली आणि निघून आला. बाई सुखरूप.

तक्त्यात शेवटचा रकाना आहे, "ऑपरेशन पूर्ण केलं का?" उत्तर आहे, नाही. मी तिथे पाचपैकी पाच दिलेत आणि समासात लिहिलंय, न करणं हेच इथे करणं होतं. मी स्वतः त्या वयात असा परत फिरलो नसतो. मी पुढे गेलो असतो, आणि माझ्या हातून एकदा नको ती नळी कापली गेली, तसंच पुन्हा झालं असतं.

हा हात माझा नाही, तुझा नाही. आजवर मी बघितलेल्या कुणाचाच नाही. हिमेनाचा असावा असं माझ्या मनाला फार वाटतंय, आणि म्हणूनच मी काही म्हणत नाही. कुणाचाही असो, सही कर. जिथे दुसरा सर्जन नाही तिथेच याला पाठव. आणि एल्सिराने लिहायला लावलंय म्हणून लिहितो. माझे खडे हल्ली रात्री त्रास देतात. कधी कापायची वेळ आलीच तर मला नंबर चार हवाय.

तेओदोसियो


सुक्रे, ५ सप्टेंबर

आदरणीय पाद्रिनो,

आज मी तुम्हाला असंच म्हणणार, हिमेना म्हणते तसं.

या वेळी मी साल्तेन्या मागवल्या नव्हत्या. एकदा तोंड पोळलंय. बालदिविएसोने कागद उघडला आणि तिन्ही नवीन मुलांची नावं आधी वाचली. चौथं वाचायची गरज नव्हती, पण त्याने चष्मा पुसला, पाणी प्यायला आणि मग सावकाश वाचलं, दुष्ट माणूस. हिमेना ओरियास. मागून फेरुफिनो म्हणाला, "मी बोट लावलेलं नाही हं, डॉक्टर," आणि तो म्हातारा सगळ्यांच्या आधी रडायला लागला.

तुमचा समास मी वाचून दाखवला. "हा हात माझा नाही, तुझा नाही," हे तुमच्या पत्रातलं वाक्यही वाचलं, कारण तेच तिला हवं होतं. वाचताना मी तिच्याकडे बघितलं. दॉन तेओदोसियो, मी एवढी वर्षं तिच्यात माझा हात शोधत होते. तो नाही हे कळल्यावर माणसाला वाईट वाटायला हवं ना? मी ते वाक्य अभिमानाने पुन्हा एकदा वाचलं.

ती पंधरवड्याने मोंतेआगुदोला निघतेय. तिथे एकटीच असेल. निरोपाचा समारंभ त्याआधी आहे आणि तिला त्याला तुम्हीच पाद्रिनो हवे आहात, बाप्तिस्म्याला होता तसे. डोन्या एल्सिरांना घेऊन या. तुमच्या खड्यांबद्दल तिने निरोप दिलाय तो जसाच्या तसा लिहिते, "त्यांना सांग, पेरणी आणि कापणी करत बसू नका. पोट रिकामं ठेवून या. डावा माझा मी धरीन."

अजून एक. नावं वाचून झाल्यावर हिमेनाच बाहेर गेली आणि स्वतः साल्तेन्या घेऊन आली. पहिली मला दिली. तेवीस वर्षांत मी एकदाही पैसे भरले नव्हते, हे सगळ्या विभागाला पाठ आहे. पहिल्याच घासाला सगळा रस्सा पांढऱ्या कोटावर, गळ्यापासून खिशापर्यंत. सगळे हसले, मीही हसले. सगळ्यांचे पैसे मी भरले. कोट अजून तसाच खुंटीला आहे, धुवायला टाकलेला नाही.

तुमची,
नेलिदा